बारशाआधी गेलेलं बाळ : सातारा-सांगलीचा हिवताप आणि अंगणात पुरलेला पुरावा

आजचा भाग नाव नसलेल्या एका बाळापासून सुरू करते.

माझी पणजी, म्हणजे आजीची आई, वाळवा तालुक्यातल्या कॅनॉलकाठच्या एका गावात दिलेली. माहेर पाटण तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे १९४७ च्या पावसाळ्यानंतर, सातव्या महिन्यात, तिला आधी बैलगाडीनं आणि मग सर्व्हिस मोटारीनं पाटणला नेलं. एसटी तेव्हा सुरूच व्हायची होती. माहेरी पोचून पंधरा दिवस झाले असतील-नसतील, तिला एक दिवसाआड हुडहुडी भरायला लागली. अंगावर तीन-तीन घोंगड्या टाकल्या तरी दात वाजायचे. मग ताप, मग घाम, मग एक दिवस अगदी बरं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवाळीच्या तोंडावर, आठव्या महिन्यातच, ती बाळंत झाली. मूल जिवंत होतं, पण आजीच्या शब्दांत, 'ओंजळीत मावंल एवढं'. पाचवी पुजली. नवव्या दिवशी बाळ गेलं.

बारसं बाराव्या दिवशी असतं. म्हणून त्या बाळाला नाव नाही. घरात कुणी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं असायचं : सटवाईनं नेलं. सटवाई पाचव्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहिते, त्यात नऊच दिवस लिहिले होते. विषय संपला.

ते बाळ मलेरियामुळेच गेलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पणजीचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. पण एक दिवसाआडचा ताप, पहिलं गर्भारपण, वेळेआधी जन्म, कमी वजन आणि पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यू, ही साखळी जगभरच्या वैद्यकीय नोंदींत इतक्या वेळा दिसते की ती ओळखीची वाटायला लागते. आपल्याकडे मात्र ती कुणी जोडलीच नाही. का नाही जोडली, हा आजचा विषय.

आधी शब्दांकडे बघू. हिवताप म्हणजे हीव, म्हणजे थंडी, घेऊन येणारा ताप. आपल्या लोकांना या तापाचं घड्याळ फार पूर्वीपासून माहीत होतं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत विषमज्वराचे प्रकार दिलेत, त्यात तृतीयक म्हणजे एक दिवस सोडून येणारा आणि चतुर्थक म्हणजे दोन दिवस सोडून येणारा. (गंमत बघा, आज मराठीत विषमज्वर म्हटलं की सरकारी पत्रकातसुद्धा टायफॉइड समजतात. एकच शब्द, पण आजार बदलला.) हे घड्याळ परजीवीचं असतं. तो तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. या फेरीला ४८ किंवा ७२ तास लागतात. पेशी फुटल्या की हुडहुडी. हा परजीवी डासातून येतो हे रोनाल्ड रॉसनं १८९७ साली सिकंदराबादला दाखवलं, ते शाळेत झालंय, त्यामुळे पुढे जाऊ.

शाळेत न झालेली गोष्ट म्हणजे वार. बाळंतपणात बाळामागून जी बाहेर पडते ती. बाळाचं अन्न, हवा, सगळं तिच्यातून जातं.

१९१५ साली पनामात हर्बर्ट क्लार्क नावाच्या डॉक्टरनं वारेतल्या रक्ताचे नमुने काचेवर घेऊन तपासले. आईच्या बोटातल्या रक्तात सहज सापडत नसलेले परजीवी तिथे खचाखच भरलेले असू शकतात, हे त्याच्या ध्यानात आलं. दहा वर्षांनी, १९२५ साली, सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउन शहरात ब्लॅकलॉक आणि गॉर्डन या दोघांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी वारेतला मलेरिया आणि बाळाचे पहिले काही दिवस यांची सांगड घातली. ज्यांच्या वारेत परजीवी होते त्या आयांची बाळं पहिल्या आठवड्यात जास्त दगावत होती. आणि ही आई कित्येकदा चालती-फिरती, वरवर धडधाकट असायची.

असं का होतं हे कळायला १९९६ उजाडावं लागलं. मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी केनियात दाखवलं की फाल्सिपेरम जातीचा परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी वारेच्या आतल्या पृष्ठभागावरच्या एका विशिष्ट साखरसाखळीला घट्ट चिकटतात. ती साखळी त्यांना अशी चिकटायला वारेतच मिळते. म्हणजे बाई गर्भार राहिली की परजीवीला तिच्या शरीरात एक नवीकोरी खोली मिळते, आणि तिच्या प्रतिकारशक्तीनं ती खोली याआधी कधी पाहिलेलीच नसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला शरीर शिकलेलं असतं. म्हणून जिथे मलेरिया बारमाही असतो तिथे सगळ्यात मोठा फटका बसतो पहिलटकरणीला.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण आफ्रिकेचं चित्र जसंच्या तसं उचलून साताऱ्यावर चिकटवता येणार नाही. आपल्याकडे हिवताप हंगामी. पावसाळा सरता सरता चढायचा, उन्हाळ्यात ओसरायचा, काही वर्षं बेताचा आणि मधेच एखादं वर्ष आडवं पाडणारं. अशा ठिकाणी मोठ्या माणसांचीही प्रतिकारशक्ती कच्ची राहते. मग पहिली खेप असो की पाचवी, धोका सगळ्यांनाच. आणि आजार गुपचूप वारेत बसून राहत नाही, जोरात ताप घेऊन येतो. १९३४-३५ मध्ये शेजारच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, मलेरियाची भयंकर साथ आली आणि काही महिन्यांत सुमारे ८० हजार माणसं गेली. कोलंबोचे प्रसूतितज्ज्ञ विक्रमसूर्य यांनी तेव्हाच्या गर्भार रुग्णांबद्दल १९३५ साली लिहून ठेवलं : गर्भपात, मृत जन्म, अवेळी बाळंतपण आणि खुद्द आयांचे मृत्यू.

वायव्हॅक्स नावाची दुसरी जात फाल्सिपेरमसारखी वारेत ठाण मांडत नाही. तीही निरुपद्रवी नाही. आईचं रक्त कमी करते, आणि थायलंडच्या सरहद्दीवर झालेल्या अभ्यासात बाळाचं वजन सरासरी शंभरेक ग्रॅमनं कमी भरलं. शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. जे काठावर आहे त्याला शंभर ग्रॅम पुरतात. असं बाळ अंगातली ऊब धरून ठेवू शकत नाही, ओढून दूध पीत नाही, साध्या जंतुसंसर्गाला तोंड देऊ शकत नाही. क्वचित परजीवी थेट बाळाच्या रक्तातही उतरतो आणि पहिल्या काही आठवड्यांत ताप, कावीळ, फिकेपणा दिसतो. बहुतेक वेळा मात्र बाळ मलेरियानं मरत नाही, मलेरियानं केलेल्या अशक्तपणानं मरतं. ओंजळीएवढं बाळ नऊ दिवस जगतं ते असं.

आता पणजीच्या दोन गावांकडे येऊ. १९४७ ला वाळवा आणि पाटण दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात होती. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन तुकडे झाले, आणि १९६० साली दक्षिण सातारा 'सांगली' झाला. पण डासाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, त्याला पाणी कळतं. घाटाच्या पायथ्याला झुळझुळणारे ओढे, काठाला गवत : हे ॲनॉफिलीस फ्लुव्हिॲटिलिस डासाचं आवडतं ठिकाण. खाली कृष्णाकाठी वेगळा कारभार. कराडजवळ खोडशीला बंधारा घालून १८६० च्या दशकात कृष्णा कालवा काढला, तो कराडातून वाळवा, तासगावच्या बाजूला जातो. कालवा आला की पाझर येतो, चाऱ्या येतात, उन्हात चमकणारी स्वच्छ साचलेली डबकी येतात. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात डोह उरतात. तिथे ॲनॉफिलीस क्युलिसिफेसिस. (गटारातल्या घाण पाण्यात मलेरियाचा डास होतो हा गैरसमज. त्याला बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं.) आणि पूर्वेला माण, खटाव, जत, आटपाडी, जिथे मुळात पाणीच नाही.

आता या नकाशावर एका गर्भार बाईला ठेवा. सासर दुष्काळी पट्ट्यात, माहेर ओढ्याकाठी. किंवा नवरा मुंबईच्या गिरणीत आणि ती सातव्या महिन्यात गावी परत. गिरणीकामगारांत रत्नागिरीखालोखाल सातारकर मोठ्या संख्येनं होते. माहेरी पाठवायचा रिवाज मायेचा आहे, त्यात शंकाच नाही. आईच्या हातचं खाणं, विश्रांती, सासूच्या नजरेपासून सुटका. पण ज्या तापाची शरीराला सवय नाही त्या गावात, बरोबर पावसाळ्यानंतर, गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत जाऊन राहणं, हाही त्याच रिवाजाचा भाग होता. पणजीच्या बाबतीत नेमकं हेच झालं असावं असं मला वाटतं. तेव्हा हे कळायला कुणाकडेच मार्ग नव्हता.

सरकारकडेही नव्हता? सरकारकडे आकडे होते. पण ते कसले, ते बघा. इंग्रजी अमलात गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद गावकामगार करत. वैद्यकीय शिक्षण शून्य. मृत्यूच्या कारणांत पटकी, देवी, प्लेग असे ठळक रकाने, आणि उरलेलं बरंचसं 'ताप' या एका रकान्यात. नवव्या दिवशी गेलेल्या बाळाची नोंद झालीच तर तिथेच कुठेतरी व्हायची. आईला दोन महिन्यांपूर्वी हिवताप होता, हे लिहायला रकानाच नव्हता.

मलेरियाचे तज्ज्ञ गावात यायचे ते पोरांना रांगेत उभं करून पोट चाचपायचे. पानथरी, म्हणजे प्लीहा, किती पोरांची वाढलीय ते मोजायचं. १८४० च्या दशकात दिल्लीकडच्या कालव्यांची चौकशी करताना डेम्प्स्टर नावाच्या डॉक्टरनं ही युक्ती वापरली, आणि पुढे शंभर वर्षं तीच चालली. साधारण दोन ते नऊ-दहा वर्षांची मुलं मोजायची. दुसरं माप तान्ह्या बाळांचं : वर्षाच्या आतल्या किती बाळांच्या रक्तात परजीवी आहेत. हे माप फार हुशारीचं आहे, कारण बाळात परजीवी सापडला म्हणजे संसर्ग याच वर्षातला, जुना असूच शकत नाही. मला मात्र या दोन्ही मापांतली एक गोष्ट खटकते. दोन्ही जिवंत मुलांवर आहेत. जी पहिल्याच आठवड्यात गेली ती मोजायला उरलीच नाहीत.

आणि पुरावा? तो वारेत होता. वारेचं आपण काय करतो? पुरतो. सुईण ती नीट धुऊन, हळद-कुंकू वाहून, अंगणात किंवा परसात पुरायची. कुत्र्यामांजरानं उकरू नये म्हणून वर दगड. मिरजेला डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं, पण खेड्यातल्या बाईचं बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीतच व्हायचं. फ्रीटाउनला जी गोष्ट काचेच्या पट्टीवर गेली, ती आपल्याकडे मातीत गेली. यात सुईणीचा दोष नाही. तिनं जे केलं ते आदरानंच केलं.

बरं, औषध होतं का? होतं, आणि इथे साताऱ्याची एक विसरलेली गोष्ट आहे. महाबळेश्वरला लिंगमळा धबधब्यावर रील काढायला तुम्ही गेलाच असाल. १८६० च्या दशकात त्याच लिंगमळ्याला सरकारनं सिंकोनाची लागवड करून पाहिली. सिंकोना म्हणजे ज्या झाडाच्या सालीपासून क्विनीन मिळतं ते. आपले जुने लोक क्विनीनला 'कोयनेल' म्हणायचे. (कोयना नदीशी काही संबंध नाही!) निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे झाडं जगली, महाबळेश्वरात नाही टिकली, आणि प्रयोग गुंडाळला गेला. हिवतापाचं औषध पाटणच्या डोक्यावर, डोंगरमाथ्यावर उगवता उगवता राहून गेलं.

पुढे बंगालमध्ये १८९२ पासून पोस्टात एका पैशाला क्विनीनची पुडी मिळू लागली, मग इतर प्रांतांतही. पण १९४२ मध्ये जपाननं जावा बेट घेतलं, आणि जगातलं ९० टक्क्यांच्या आसपास क्विनीन तिथूनच यायचं. युद्धकाळात त्याचा दुष्काळच पडला. आणि गर्भार बाईच्या बाबतीत आणखी एक अडचण. कोयनेलनं पोट पडतं, ही भीती लोकांतच नव्हे, डॉक्टरांतही होती. म्हणून नको म्हणायचं. उपचाराविना तापानं पोट पडण्याचा धोका त्याहून मोठा होता, पण तापाला कुणी दोष देत नाही, गोळीला देतात.

मधे एका बाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. लुसी विल्स. १९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि गिरणीकामगार बायकांना गर्भारपणात होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम चाले. त्यांना आढळलं की यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं 'मार्माइट', दिल्यावर या बायकांचं रक्त भरतं. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. आज आशाताई गर्भार बाईच्या हातात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या ठेवते, त्यांचा एक धागा परळला, गिरणगावातल्या बायकांपाशी जातो. मलेरियाशी याचा संबंध सरळ आहे. परजीवी तांबड्या पेशी फोडतो, नव्या पेशी बनवायला शरीराला जास्त फॉलिक ॲसिड लागतं, आणि भाकरी-चटणीवर राबणाऱ्या बाईकडे ते आधीच कमी. बाळंतपणात थोडंसं रक्त गेलं तरी अशी बाई हाताला लागत नाही.

आता डीडीटी. या पट्ट्यात १९४३ ते ४६ म्हटलं की पत्री सरकार आठवतं, आणि आठवायलाच हवं. त्याच सुमारास मुंबई प्रांताच्या दुसऱ्या टोकाला, कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत, डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव घरांच्या भिंतींवर आतून डीडीटी फवारून पाहत होते. डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर टेकतो. भिंतच विषारी केली तर तो तिथेच मरतो. एवढीच कल्पना, पण त्यातून १९५३ चा राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. त्याआधी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत. १९६१ पर्यंत रुग्ण ५० हजारांवर आले. आठ लाखांवरून जवळपास शून्य मृत्यू!

माझी आजी १९५४ ची, आणि तिच्यामागून चार भावंडं, सगळी जगली. याचं श्रेय एकट्या फवारणीला देणं भोळेपणाचं होईल. पण आजीला 'मलेरियावाला' चांगला आठवतो. भिंतीवर शिक्का मारून तारीख लिहायचा, ताप आलेल्याच्या बोटाला टोचून काचेवर रक्त घ्यायचा, गोळ्या द्यायचा. पणजीला त्याच्या पंपाचा राग. पांढरे डाग पडायचे म्हणून ती पाठ फिरताच शेणामातीनं भिंत सारवून टाकायची. डीडीटी सारवणाखाली. हे काही एकट्या पणजीचं नाही. मातीच्या घरांत ही कार्यक्रमाची नेहमीची डोकेदुखी होती. पुढे डासच डीडीटीला जुमानेनासे झाले, ढिलाई आली, आणि १९७६ साली देशात पुन्हा ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले.

आज सातारा-सांगलीत मलेरियाचे रुग्ण थोडेच. महाराष्ट्रात आज मोठा भार गडचिरोलीचा आणि मुंबईचा. पण दर दिवाळीच्या सुमारास कराड, वाळवा, पलूसकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कालव्याकडेच्या शेतात पाचटाच्या कोप्या, त्यात सात-आठ महिन्यांची गर्भार बाई, पहाटे कोयता घेऊन फडात. तिला ताप आला तर अर्धा दिवस बुडवून दवाखान्यात जायचं की पॅरासिटामॉल घेऊन मोळ्या बांधायच्या, हे मुकादमाच्या उचलीवर ठरतं. काही महिन्यांत टोळी पुढे जाते, आणि कागद मागे राहतो.

म्हणून एवढं सांगून ठेवते. गर्भार बाईला थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते फुकट होतं. उपचार आहेत. वायव्हॅक्सवर क्लोरोक्विन गर्भारपणातही चालतं, फाल्सिपेरमवर कितवा महिना आहे ते बघून औषध ठरतं, प्रायमाक्विन मात्र गर्भारपणात देत नाहीत. म्हणून घरातली उरलेली गोळी द्यायची नाही, आणि 'पोटाला बाधेल' म्हणून टाळायचंही नाही. आणि तपासणाऱ्याला आवर्जून सांगायचं की ती कुठून आलीय, मागच्या महिन्यात कुठल्या गावात राहिलीय.

मागच्या मे महिन्यात आजीबरोबर तिच्या आजोळी पाटणला गेले होते. परसात तिनं जागा दाखवली. वार इथं पुरली होती, तिच्या आईनं तिला सांगितलेलं. आता तिथे सिमेंटची पाण्याची टाकी आहे. झाकण कधीचं फुटलेलं, आणि आत डोकावलं तर पाण्याच्या वर-वर आडव्या पडलेल्या बारीक अळ्या. आजीनं काही न बोलता घरातून जुनं लुगडं आणलं, आम्ही दोघींनी टाकी उपसली, धुतली, आणि लुगडं दुहेरी करून तोंडाला सुतळीनं बांधलं.

तुमच्याही घरी बारशाआधी गेलेल्या एखाद्या बाळाची गोष्ट असेल. आजीला, पणजीला विचारून बघा, आणि ती सांगणार असेल तर तिच्याच आवाजात व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात.